करार कंपनीशी, पण शिकवणार कोण?

प्रश्न : मुलगा इंदूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने एका मोठ्या टेक कंपनीशी करार करून नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स काढलाय. आठवडाभर ऑनलाइन, शनिवारी तीन तास लॅब. फी 42,000, हप्त्यांची सोय. घालावं का?
– एक आई, लोकमान्यनगर

ताई, नमस्कार. अशा कोर्सात कंपनीचं काय आणि कॉलेजचं काय, हे आधी वेगळं करा. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांची नेटवर्किंग अकॅडमी 1997 पासून कॉलेजांच्या मदतीने चालते. ऑनलाइन धडे आणि पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, कंपनीचं. लॅब आणि शिकवणारे सर कॉलेजचे. सीसीएनए या नेटवर्किंगच्या पायाभूत कोर्सचे तिन्ही भाग संपले की डिजिटल बॅज मिळतो. पण सीसीएनए सर्टिफिकेट म्हणजे तो बॅज नव्हे! त्यासाठी 200-301 ही परीक्षा वेगळी फी भरून द्यावी लागते, आणि ते सर्टिफिकेट तीन वर्षंच चालतं. तेव्हा 42,000मध्ये परीक्षेची फी धरली आहे का, हे लेखी घ्या.

खरी मेख शनिवारच्या तीन तासांत आहे. व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात चालतं. लॅबमध्ये मुलगा केबल जोडतो, आयपी अॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) देतो, तरी पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला मारलेली चाचणीची हाक, जात नाही. कारण राउटरचे, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राचे, पोर्ट मुळात बंद असतात. 'नो शटडाउन' ही कमांड दिल्याशिवाय ते उघडत नाहीत. नाहीतर सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) चुकलेला असतो. ही चूक स्वतः शोधणं हेच नोकरीतलं काम, आणि ते शेजारी जाणकार माणूस उभा असेल तरच लवकर येतं. म्हणून एका शनिवारी लॅबमध्ये जाऊन बसू द्या म्हणावं. एका राउटरमागे किती मुलं? सरांकडे स्वतःचं सर्टिफिकेट आहे का? सहा महिन्यांनंतर लॉगिन चालू राहतं का? कराराची मुदतही विचारा. मधेच संपला तर उरलेली बॅच लटकते.

हप्त्यांच्या कागदावर घाईने सही नको. बहुतेकदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. मुलाने कोर्स सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. व्याजासकट एकूण खर्च दाखवणारा तपशील आधी मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे.

आणि पैसे भरण्याआधी मुलाला पॅकेट ट्रेसर घरीच उतरवून घ्यायला सांगा. ते मोफत मिळतं. पंधरा दिवस त्यात दोन राउटर, चार कॉम्प्युटर जोडून बघू दे. त्यातच कंटाळला, तर हा कोर्स त्याच्यासाठी नाही.