वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस आणि फायरवॉल

प्रश्न : आमच्याकडे विंडोज १० असलेला डेस्कटॉप आहे. मी त्यावर पेन्शनचे आणि बँकेचे व्यवहार पाहतो, तर नातू शाळेचे काम करतो व खेळ खेळतो. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली, म्हणून भाच्याने दुसरा एक फुकटचा घालून दिला आणि तेव्हापासून संगणक फारच मंदावला. जेल रोडवरील दुकानदार म्हणतात, महागातले पॅकेज घ्या आणि फायरवॉल वेगळी बसवा. चिरंजीव म्हणतो, काहीच विकत घेऊ नका. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी मंदपणाचे पाहू, कारण त्याचे मूळ बहुधा आपल्याच पत्रात आहे. अँटिव्हायरस उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासतो. असे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू असले की प्रत्येक फाइलची तपासणी दोनदा होते आणि ते एकमेकांच्या कामातही अडथळा आणतात. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून दोन्ही काढून टाकावेत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. दुसरा अँटिव्हायरस नसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर सहसा आपोआप कामाला लागतो. तो लागला की नाही, हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे : ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर गेल्यास शेवटचे अपडेट कधी झाले ते दिसते. ती तारीख आजची किंवा कालची असावी.

चिरंजीवांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा विंडोजचाच पूर्ण अँटिव्हायरस आहे. सुरुवातीला जाणकार त्याला नाक मुरडत, आणि ते अकारणही नव्हते. परंतु जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचणीसंस्थांच्या निकालांत तो आता नामांकित विकतच्या प्रोग्रामांच्या बरोबरीने दिसतो. मग पैसे कशाचे मोजायचे? नातवाच्या वापरावर अधिक नियंत्रण, घरातल्या तीन-चार उपकरणांसाठी एकच परवाना, किंवा अडचण आल्यास फोनवर आपल्या भाषेत बोलणारे कोणी हवे असेल, तर विकतचे जरूर घ्यावे. पुण्यात १९९५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचे क्विक हील आपल्याकडच्या दुकानांतून सहज मिळते. कोणतेही घेतले तरी दुसऱ्या वर्षाचा दर आधीच विचारून ठेवावा. पहिल्या वर्षाची सवलत पुढे सहसा राहत नाही.

फायरवॉल वेगळी घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये ती आहेच. २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे मोठ्या अपडेटपासून, ती मुळातच चालू ठेवलेली असते. शिवाय घरचा राउटरही बाहेरून विनाकारण आलेली जोडणी सहसा आत येऊ देत नाही. फायरवॉलचे काम मात्र नीट समजून घ्यावे. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी अनोळखी येणाऱ्याला हटकतो, घरातून बाहेर पडणाऱ्याला नाही. विंडोजची फायरवॉलही मूळ मांडणीत परवानगीवाचून आत येणारे अडवते आणि बाहेर जाणारे जाऊ देते. म्हणजे आपणच एखादा खोटा प्रोग्राम घरात घेतला, तर तो बाहेर माहिती पाठवताना ती सहसा आड येणार नाही. एखाद्या खेळाने ‘अलाऊ ॲक्सेस’ मागितला, तर ती खिडकी वाचल्याशिवाय नातवाने होकार देऊ नये.

मला आपल्या पत्रात याहून अधिक खटकले ते विंडोज १०. त्याला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती २०२८ पर्यंत मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे खरे, पण विंडोजमध्येच सापडणारी भोके बुजवणे हे अँटिव्हायरसचे काम नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या भोकावरचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये निघालेला होता. ज्यांनी तो घातला नव्हता, ते सापडले. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा तपासणीचा प्रोग्राम चालवून आपला संगणक विंडोज ११ साठी चालतो का ते पाहावे. चालत नसेल, तर पॅकेजवर खर्च होणारे पैसे नव्या संगणकासाठी बाजूला टाकावेत, आणि तोवर मुदतवाढीच्या अपडेट्ससाठी नोंदणी करता येते का ते पाहून बँकेची कामे शक्यतो अद्ययावत उपकरणावर करावीत.

नातवासाठी वेगळे ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, खाते उघडावे, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आपल्याकडेच ठेवावा. खेळांच्या चोरट्या प्रतींबरोबर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना हमखास येते. ती पाळली की फुकटचे आणि विकतचे सारखेच निरुपयोगी ठरतात.

प्रश्न : वर्तमानपत्र वाचताना अचानक पडदाभर लाल सूचना आली : संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा. भोंगाही वाजत होता. काय करायला हवे होते?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फोन करू नये. विंडोज किंवा अँटिव्हायरस अशा सूचनेत कधीही फोन क्रमांक देत नाहीत. ते केवळ एक वेबपान असते. ऑल्ट आणि एफ-४ एकदम दाबून ब्राउझर बंद करावा, आणि तो पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. त्या क्रमांकावर फोन करून पलीकडच्याच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे, दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारे ॲप घातले असेल, तर आधी इंटरनेट तोडून ते काढावे आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावा. पैसे गेले असल्यास बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच तासात कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.