दोन्हीकडे तीनच

“पगार वेळेवर येतो, व्यसन कोणाला नाही, तरी वीस तारखेनंतर हात रिकामाच, पैसे जातात तरी कुठे?” हा प्रश्न घरखर्चाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांचा असतो. बेळगावच्या वडगाव भागातले एक जोडपे तोच प्रश्न घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पती उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, पत्नी घरी शिवणकाम करणाऱ्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० धरून महिन्याला साधारण ३१,००० रुपये घरात येत होते.

काटकसरीचा उपदेश मी केला नाही, कारण त्यांच्या खर्चात उधळपट्टी नव्हतीच. एक कोरा कागद दिला आणि महिन्याला बांधलेली प्रत्येक रक्कम त्यावर लिहायला सांगितली. एका पतसंस्थेत रोज १०० रुपयांची पिग्मी, म्हणजे एजंट दारात येऊन गोळा करतो ती रोजची बचत, होती आणि १४ महिन्यांत तिचे ४२,००० झाले होते. त्याच पिग्मीवर, म्हणजे स्वतःच्याच पैशांवर, १४ टक्क्यांनी काढलेले ३०,००० चे कर्ज होते. वीस जणांची, महिना २,००० रुपयांची भिशी चालू होती. शिवाय ओळखीच्या एका माणसाकडून शेकडा तीन दराने घेतलेले ५०,००० होते.

त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पती म्हणाले, “पिग्मीवर तीन मिळतात, इकडे तीन जातात. बरोबरीच झाली ना, मॅडम?”

गाठ इथेच होती. पिग्मीचे तीन वर्षाचे होते आणि उसनवारीचे तीन महिन्याचे, म्हणजे वर्षाला छत्तीस. महिना १,५०० प्रमाणे १४ महिन्यांत २१,००० रुपये व्याजापोटी गेले होते आणि मुद्दल जागचे हलले नव्हते. त्याच काळात पिग्मीवर हजार रुपयेसुद्धा व्याज झाले नव्हते. हा आकडा कागदावर आला तेव्हा दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. असा गैरसमज होणे म्हणजे अडाणीपणा, असे मी मुळीच मानत नाही. दोन्हीकडे ‘तीन’ हाच शब्द कानावर पडत असेल, तर चांगला शिकलेला माणूसही फसतो.

पिग्मी वाईट नाही. १९२८ साली उडुपीत सुरू झालेल्या या पद्धतीने रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दारात बचत करता येऊ लागली, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. मात्र छत्तीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना तीन टक्क्यांची बचत करत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. शिवाय बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, तसे पतसंस्थेतल्या ठेवींना नसते, हेही मी त्यांना सांगितले.

पतींची खरी अडचण वेगळीच निघाली: रोज दारात येणाऱ्या ओळखीच्या एजंटाला ‘नको’ कसे म्हणायचे? ते वाक्य आम्ही खोलीत दोनदा म्हणून पाहिले. संस्थेची कागदपत्रे कन्नडमध्ये होती आणि सही न वाचताच झाली होती; नववीतल्या मुलीने, जी शाळेत कन्नड शिकते, ती घरी मोठ्याने वाचून दाखवली. मुलांपासून घरचा हिशेब लपवू नये, असे माझे मत आहे. त्यांना घरातला ताण कळतच असतो, त्याचे कारण मात्र कळत नाही.

मुदतीआधी पिग्मी मोडल्यामुळे व्याज गेले, पण कर्ज वळते होऊन १२,००० हातात आले आणि ते थेट उसनवारीच्या मुद्दलात गेले. पिग्मीचे महिना ३,०००ही तिकडेच वळवले. तिसऱ्या महिन्यात भिशीचा नंबर लागून ४०,००० मिळाले, तेव्हा मुद्दल ३२,००० वर आले होते. ते फेडून उरलेले ८,००० अडीनडीसाठी पत्नीच्या बँक खात्यात ठेवले. भिशीचे हप्ते अजून आहेत, पण त्यांवर व्याज नाही.

हे सांगायला आले त्या भेटीत निघताना पत्नी दारापाशी थांबल्या. “यांना सांगितलं नव्हतं,” म्हणत त्यांनी पर्समधून बायकांच्या गटातल्या कर्जाचे कार्ड काढले: आठवड्याला ६५० रुपये, अजून ११ हप्ते. पतींनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले, पुन्हा खुर्चीवर बसले, आणि घडी पडून मऊ झालेला तो पहिला कागद उघडून पेन पत्नीच्या हातात दिले.