क्षार म्हणजे मीठ की सोडा?

विचारलंय असं की मुलाच्या मराठी मिडियमच्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, आणि यूट्यूबवरचे हिंदी सर क्षार म्हणजे बेस सांगतात, मग बरोबर कोण? परीक्षेपुरतं पुस्तक. आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) मिळून क्षार आणि पाणी, हिंदीत त्या सॉल्टला लवण म्हणतात, झालं. पण ते जाहिरातवाले 'अल्कलाइन वॉटर'चं, म्हणजे बेसच्या गुणाच्या पाण्याचं, मराठी 'क्षारयुक्त पाणी' करतात ना, त्यांना कुणीतरी आवरा रे! क्षारयुक्त पाणी म्हणजे सोसायटीच्या बोअरिंगचं, गीझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढवणारं, साबणाला फेस न येणारं. ते कोण बाटलीतून विकत घेईल?

आता खरी मजा. सुश्रुतसंहितेत क्षाराची व्युत्पत्तीच दिलीय, क्षरण करतो तो क्षार. क्षर् म्हणजे पाझरणं, झिजणं, आणि जे झिजत नाही ते अक्षर, म्हणजे सुश्रुताच्या हिशोबाने आत्ता वाचताय ती अक्षरं क्षाराची सख्खी भावंडं! शिवाय सुश्रुताचा क्षार मीठ नव्हेच, झाडं जाळून राखेचं पाणी आटवून केलेलं दाहक औषध, आणि त्याची आग शमवायला काय लावायचं तर आंबट, मग हे आम्ल-आम्लारीचं न्यूट्रलायझेशन नाही तर काय? अल्कली ज्या अरबी शब्दावरून आला तोही झाडाच्या राखेचाच. त्यामुळे 'बेसला क्षार म्हणणं ही हिंदीची घुसखोरी' असं म्हणणाऱ्या शुद्धतावाल्यांनी जरा दमानं घ्यावं, जुना अर्थ हिंदीनेच सांभाळलाय, आपल्या परिभाषावाल्यांनी क्षार सॉल्टला देऊन टाकला आणि बेसला आम्लारी केलं, आम्लाचा अरी, मुरारीच्या चालीवर. शब्द झकास आहे हां, तक्रार नाही. (आणि उदासिनीकरणात, म्हणजे पुस्तकातल्या न्यूट्रलायझेशनमध्ये, कुणी उदास होत नाही, उदासीन म्हणजे बाजूला बसलेला, तटस्थ.)

क्षारचं बोलीत झालं खार. खारट, खारवलेले मासे, पापडखार, भरतीचं पाणी शिरणारी खार जमीन, आणि माझी थिअरी अशी की वेस्टर्न लाइनवरचं खार, खारदांडा, हार्बरवरचं खारघर, सगळी याच खाऱ्या जमिनीची नावं. झाडावरच्या खारीवरून म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा मागवतो.

हां, तुमचा प्रश्न. धुण्याचा सोडा घ्या, सोडियम कार्बोनेट. पुस्तकाच्या व्याख्येने तो क्षार, आणि पाण्यात विरघळवला की तांबडा लिटमस निळा करतो म्हणून हिंदी सरांच्या हिशोबानेही क्षारीयच. मुलाला म्हणावं पेपरात सॉल्टला क्षार लिही, बेसला आम्लारी लिही, आणि सरांचा व्हिडिओ रिॲक्शन समजण्यापुरता बघ.