ताई, डिसेंबरात धबधबा कुठं?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. ह्यांना २५ ते २८ डिसेंबर सुट्टी मिळालीये, पोराची पण नाताळची सुट्टी आहे, चौथीत आहे तो. त्यानं मोबाईलवर नळदुर्गच्या धबधब्याचं रील बघितलंय आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, चालत चालत धबधब्याला जायचं आणि खाली उभं राहायचं. ह्यांचं म्हणणं, रामलिंगला जाऊ, एका दिवसात होतंय. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा गाणगापूरला चला. त्या अक्कलकोटच्या आहेत, गुडघे दुखतात पण घरी एकट्या काही राहणार नाहीत. सगळ्यांचं जमेल असं सांगा ना. गाडी आमची आहे, जुनी आहे पण चालते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सगळ्यात आधी ते रील कधीचं आहे ते बघा. नक्की पावसाळ्यातलं असणार. नळदुर्गचे नर-मादी धबधबे बोरी नदी भरून किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी सांडायला लागलं की चालू होतात, आणि नाताळात तिथं नुसती भिंत बघायला मिळते. रामलिंगचं पण तेच. मी हे स्वतः केलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात भाच्याला घेऊन येडशीला उतरले, रामलिंगला खाली गेलो, तर धबधब्याच्या जागी कातळावर वरून खालपर्यंत एक काळपट पट्टा आणि खाली डबकं, त्यात पाचोळा आणि कुणीतरी टाकलेली बाटली. भाचा बराच वेळ वर बघत उभा, मग म्हणाला, आत्या नळ कुणी बंद केला? मी उत्तराचा विचार करतेय तोवर वानरानं भाकरीचं फडकं उचललं. शेंगाचटणी तेवढी पिशवीत राहिली होती, ती नुसतीच खाल्ली आम्ही परत येताना.

तर कुठला धबधबा चांगला हे डिसेंबरात विचारायचंच नाही, त्या नदीला आत्ता पाणी कुठून येतंय ते विचारायचं. आपण पर्जन्यछायेत, माती पातळ, खाली काळा कातळ, पडला तेवढा पाऊस ओढ्यानं वाहून जातो. घाटात तसं नाही, तिथं पाऊसही भरपूर आणि जंगलाखालची माती ते पाणी जिरवून ठेवते, झरे हिवाळाभर पाझरत राहतात. धरणाखालचे धबधबे पण या दिवसात बेभरवशाचे. जोगचं नाव सगळे घेतात, २५३ मीटर उंच, फोटोत चार धारा, पण शरावतीवर वर लिंगनमक्कीचं धरण आहे, त्यामुळे थंडीत बहुतेक बारीक धारच दिसते. गोकाकला पण पावसाळ्यातच जावं.

मग कुठं? तुमच्या घराजवळून विजापूर रोड जातो ना, तोच धरा आणि नाक समोर ठेवून जात राहा. खरंच सांगते, हा ५२ नंबरचा हायवे विजापूर, हुबळी करत यल्लापूरच्या जंगलातून पुढं अंकोल्याला समुद्रापर्यंत जातो. रोज भाजी आणायला जो रस्ता ओलांडता तोच. यल्लापूरच्या बाजूला दोन धबधबे आहेत, सातोडी आणि मागोड. सातोडी उंचीला फार नाही, १५ मीटरच्या आसपास, पण रुंद, झाडीत लपलेला, आणि डिसेंबरात चांगलं पाणी असतं. तिथलं पाणी पुढं काळी नदीवरच्या कोडसळ्ळी धरणाच्या फुगवट्याला मिळतं. गाडी लावून शेवटचा टप्पा जंगलातून चालत जायचा. ट्रेक वगैरे म्हणता येणार नाही, पण चौथीतल्या पोराला "आपण चालत गेलो" म्हणून वर्गात सांगण्याइतकं नक्की आहे. मागोड म्हणजे बेडती नदी दोन टप्प्यात खोल दरीत उडी घेते, साधारण २०० मीटर, तो समोरून लांबूनच बघायचा असतो. हा सासूबाईंसाठी.

आणि सासूबाईंना ओझं समजू नका हो. त्या अक्कलकोटच्या म्हणजे कन्नड येत असणारच. हुबळीच्या पुढं तुम्ही तिघं मुके आणि त्या पुढारी, बघा गंमत. गाणगापूरचं मात्र या वेळी जमणार नाही, ते दुसऱ्या दिशेला आहे, त्याच्याऐवजी बनशंकरी देवीचं दर्शन करा. हायवेवर कुळगेरी क्रॉस लागतो, तिथून आत बदामी, बदामीजवळच बनशंकरी. पहिला मुक्काम बदामीला टाका. तिथं पण एक धबधबा आहे, अक्का-तंगी, म्हणजे मोठी बहीण धाकटी बहीण, पण तोही फक्त पावसातला, पोराला आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथं पण नळाची चौकशी व्हायची. २६ ला दुपारपर्यंत यल्लापूर, २७ ला सकाळी लवकर सातोडी, संध्याकाळकडे मागोड, २८ पूर्ण दिवस परतीला ठेवा, एका बाजूनं साडेतीनशेच्या वर किलोमीटर होतात आणि गाडी जुनी म्हणताय. हुबळीतच टाकी फुल करा. खोल्या आत्ताच सांगून ठेवा, नाताळात गर्दी असते.

पाण्यात उतरायचं म्हणाल तर, खाली कुंडाची खोली वरून कळत नाही आणि दगड शेवाळलेले असतात. ओला काळपट दगड दिसला की त्यावर पाय नाही, कोरडा खरखरीत बघून टेकवायचा. पोराला काठावर गुडघ्याएवढ्या पाण्यात, ह्यांनी हात धरून, आणि धारेखाली नाही म्हणजे नाही. रडला तर रडू द्या.

चादर घेऊ का असं तुम्ही विचारलं नाहीये पण सोलापूरचा माणूस चादरीशिवाय निघत नाही म्हणून सांगते, गाडीत ठेवा, धबधब्यापाशी नेऊ नका. भिजली की चार माणसांना उचलत नाही आणि त्या जंगलातल्या दवात दोन दिवस वाळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर घ्या.

प्रश्न : ताई आम्ही पाच मित्र, इंजिनिअरिंगला आहे. दूधसागरला रेल्वेच्या पट्ट्यावरून चालत जायचा प्लॅन आहे, सीनियर लोक जाऊन आलेत, भारी वाटतं म्हणतात. थंडीत पाणी असतं का?
— होटगी रोड

उत्तर : पाणी असतं. पट्ट्यावरून जायचं नाही. रेल्वेच्या कायद्यात कलम १४७ आहे, विनापरवाना रुळावर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा रे, कॅसलरॉक ते गोव्यातलं कुळे हा घाटातला उतार ३७ फुटाला एक फूट असा आहे, मालगाडी चढवायला मागून जादा इंजिनं लावतात, तीच गाडी उताराला लागली की तुम्हाला बघून थांबणार कशी? आणि मध्ये बोगदे. सीनियर आले परत म्हणून सांगतायत.

हुबळी, लोंढा करत कुळ्यात उतरा, तिथून अभयारण्यातून जीप जाते, पावसाळा सोडून चालू असते, आणि पुढं थोडं चालावं लागतं. समोर ३१० मीटरवरून दूध सांडल्यासारखं पाणी आणि मधल्या पुलावरून गाडी जाताना दिसते. तो फोटो खालूनच येतो, रुळावर उभं राहून येत नाही. पाच जण म्हणजे जीपचे पैसे विभागून जातात, उगाच गरिबीचं कारण सांगू नका, पार्क चौकात रोज किती उडवता ते मला माहितीये.

प्रश्न : ३१ डिसेंबरला नळदुर्गचा धबधबा चालू असेल का? हो किंवा नाही सांगा.
— अक्कलकोट रोड

उत्तर : नाही.

पण जा तरी. पावसाळ्यात तिथं बघायचं म्हणजे माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. आत्ता हैदराबाद रोडनं तासाभरात पोचाल, किल्ला निवांत फिरता येतो, उपली बुरुज चढा, दम लागतो पण वरून सगळा परिसर दिसतो, आणि मग बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उतरा. आदिलशाहीतलं काम आहे. पावसाळ्यात खिडकीसमोरून पाण्याचा पडदा पडतो तेव्हा आवाजात शेजारचा काय बोलतोय कळत नाही, थंडीत तिथंच बसलं की दगडाचा गारवा पाठीला लागतो आणि पारव्यांचं घुमणं ऐकू येतं. बारा वाजायच्या आत वर या, ऊन डिसेंबरातलं असलं तरी सोलापूरकडचंच आहे ते. येताना वाटेत कुठं हुरड्याची आगटी पेटलेली दिसली तर थांबा.