‘जतन’ म्हणजे नेमके काय करणे?

प्रश्न : मी हिंदी आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. हिंदीत ‘बहुत जतन किये’ म्हणजे ‘पुष्कळ प्रयत्न केले’. मराठीत मात्र जतन करणे म्हणजे सांभाळून ठेवणे. हे दोन वेगळे शब्द आहेत काय? आणि संगणकावरील ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ ही आज्ञा योग्य मानावी काय?

उत्तर : शब्द एकच आहे. संस्कृत ‘यत्न’चे ते तद्भव रूप. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी झाला, त्याच वाटेने ‘य’चा ‘ज’ झाला, आणि ‘रत्न’चे ‘रतन’ होताना जोडाक्षर जसे सुटले तसे ते इथेही सुटले. हिंदीने मूळचा प्रयत्नाचा अर्थ ठेवला. बंगालीत हाच शब्द ‘जत्नो’ असा उच्चारला जातो आणि त्याचा नेहमीचा अर्थ काळजी, निगा असा आहे. कोंकणीतील ‘जतनाय’ सावधगिरीकडे झुकते. गुजरातीतील ‘जतन’ आपल्या बरेच जवळचे आहे. हे अर्थ ओळीने मांडले की मधला दुवा दिसतो : एखाद्या गोष्टीसाठी सतत यत्न करणे म्हणजे तिची निगा राखणे, आणि निगा राखली की ती टिकते. मराठीने या साखळीचे शेवटचे टोक धरले. म्हणूनच नुसते कपाटात पडून राहिलेले पत्र ‘जतन केले’ असे आपण सहसा म्हणत नाही. ते कोणीतरी मुद्दाम, ओल आणि वाळवीपासून सांभाळलेले असावे लागते.

‘सेव्ह’ची अडचण वेगळी आहे. लॅटिनमधील ‘साल्वुस’, म्हणजे सुरक्षित, या शब्दापासून निघालेले हे क्रियापद बुडणाऱ्याचा जीव, महिन्याचा पैसा, दुपारचे श्रम आणि संगणकावरील मजकूर या सगळ्यांना चालते. आपले ‘वाचवणे’ पहिल्या तिन्ही ठिकाणी बिनतक्रार बसते, पण ‘फाइल वाचवा’ म्हटले की तिला आग लागली असावी असे वाटते. जर्मन भाषा इथे अधिक काटेकोर आहे : जीवासाठी ‘रेटेन’, पैशासाठी ‘श्पारेन’ आणि संगणकासाठी ‘श्पायखर्न’. हे शेवटचे क्रियापद ज्या ‘श्पायखर’ या नामावरून आले त्याचा अर्थ धान्याचे कोठार, आणि त्याच्याही मुळाशी लॅटिनमधील ‘स्पिका’, म्हणजे कणीस, आहे. ‘औफहेबेन’ हे आणखी एक जर्मन क्रियापद तर उचलणे, जपून ठेवणे आणि रद्द करणे असे तिन्ही अर्थ बाळगून आहे. हेगेल या तत्त्वज्ञाने (१७७०–१८३१) त्यातील परस्परविरोधी अर्थांवर आपल्या विचाराचा मोठा भार टाकला आणि तेव्हापासून त्याचे अनुवादक हैराण आहेत. आपला प्रश्न त्या मानाने सौम्य आहे.

स्पॅनिशमध्ये पैसे साठवण्याला ‘आओर्रार’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘हुर्र’, म्हणजे स्वतंत्र, यापासून आला, आणि गुलामाला मुक्त करणे हा त्याचा जुना अर्थ होता. खुद्द अरबीत ‘हिफ्ज़’ म्हणजे रक्षण करणे आणि पाठ करणेही. संपूर्ण कुराण मुखोद्गत असलेला तो हाफिज़, आणि आपल्याकडे पोचलेली ‘हिफाजत’ त्याच धातूची. संगणकावरील ‘सेव्ह’लाही अरबीत ‘हिफ्ज़’च म्हणतात, आणि स्मरणात ठेवण्याची कल्पना यंत्राला याहून चपखल क्वचितच लागू पडत असेल.

आता आपल्या आज्ञेविषयी. एका कळीसरशी होणाऱ्या कामात यत्न कुठला, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि नुसत्या माहितीच्या ढिगासाठी ‘साठवा’ अधिक नेमके आहे असेही मी म्हणेन. परंतु तासभर खपून लिहिलेला मजकूर नाहीसा होऊ नये म्हणून दाबायच्या कळीवर ‘जतन करा’ शोभते. बोलताना लोक ‘सेव्ह कर’ म्हणतात, ते म्हणू द्यावे; संवादाच्या अनुवादात आपणही तेच ठेवावे.

प्रश्न : खाद्यपदार्थांतील ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘परिरक्षक’ हा शब्द शास्त्रीय लेखनात रुळलेला आहे. सामान्य वाचकासाठी ‘पदार्थ टिकवणारे द्रव्य’ असे लिहावे, कारण पदार्थ आपण टिकवतो, जतन करीत नाही. मात्र फ्रेंचमधून अनुवाद करताना सावध राहावे : तिथे ‘प्रेझेर्वातीफ’ म्हणजे निरोध. पदार्थ टिकवणाऱ्या द्रव्याला फ्रेंच लोक ‘कोन्सेर्वातर’ म्हणतात, आणि संग्रहालयाच्या अभिरक्षकालाही तेच म्हणतात, पुराणमतवादी राजकारण्यालाही तेच.