टेरी फॉक्स रनमध्ये धावायला फी लागते का? जमलेले पैसे जातात कुठे?

कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवणारी ही धाव टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाच्या नावाने होते. नाही, प्रवेश फी नाही आणि अमुक इतकी देणगी आणलीच पाहिजे अशी अटही नाही. जमेल तेवढे द्या, धावा किंवा नुसते चाला. नंबर-बक्षिसांची भानगड नाही. हे टेरीच्याच हट्टातून आले आहे. हाडाच्या कर्करोगाने 1977 मध्ये उजवा पाय गेला, तरी 12 एप्रिल 1980 ला कॅनडातल्या सेंट जॉन्सला त्याने कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडवला आणि कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवायला लंगडत-उड्या मारत पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळपास मॅरेथॉनइतके अंतर! 143 दिवसांत 5,373 किलोमीटर. मग कर्करोग फुप्फुसात सापडला आणि कॅनडातल्याच थंडर बे शहराजवळ थांबावे लागले. वाटेत जाहिरातींचे पैसे त्याने नाकारले; प्रत्येक कॅनेडियनामागे एक डॉलर, एवढेच मागणे होते. 1981 च्या जूनमध्ये तो गेला, सप्टेंबरमध्ये पहिली रन झाली. गावोगावची आयोजक मंडळी आजही बिनपगारी. पैसे टेरी फॉक्स फाउंडेशनकडे जाऊन कर्करोग संशोधनाला मिळतात. मात्र फाउंडेशनला पगारी कर्मचारी आणि कार्यालयीन खर्चही आहे, त्यामुळे डॉलरमधला प्रत्येक सेंट प्रयोगशाळेत पोचतो असे समजू नका.