इंकस्केपला पाठवलेले पैसे जातात कुठं?

प्रश्न: मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळदीच्या पाकिटांची लेबलं करतो, सगळं इंकस्केप या चित्रं-डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरवर, फुकटात. थोडे पैसे पाठवावे म्हणतोय, पण ते कुणाच्या खिशात जातात ओ?

उत्तर: कुणा एकाच्या नाही. इंकस्केप काय कंपनी नाही, जगभर विखुरलेली माणसं, मग बँक खातं काढणार कुणाच्या नावावर? म्हणून सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही २००६ सालची अमेरिकेतली ना-नफा संस्था त्यांचे पैसे सांभाळते, हिशेब ठेवते, करारमदार, कायद्याची कटकट बघते आणि कोडवाले निवांत कोड लिहीत बसतात. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तेपण तिच्याच छत्राखाली. डेबियन ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी असली सोय १९९७लाच केलेली, हुशार लोक! फक्त ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट मागू नका, संस्था परदेशी आहे. आणि पैसे नाही जमले तर मेनूतलं मराठी सुधारून द्या की, तेही चालतं.